चिमणरावापासून आबांपर्यंत : दिलीप प्रभावळकर यांच्या बहुरूपी अभिनयाचा इतिहास

नटाचे चरित्र लिहिणाऱ्यास साधनांची वाण सहसा पडत नाही. जाहिराती, वृत्तपत्रांतील परीक्षणे, सहकाऱ्यांच्या आठवणी, पुरस्कारांच्या याद्या असे कितीतरी साहित्य हाताशी असते. नटाच्या कलेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की मात्र हे सारे भांडार उणे पडू लागते. कारण ज्या वस्तूचा इतिहास लिहावयाचा ती वस्तू, म्हणजे विशिष्ट क्षणी उच्चारलेला विशिष्ट शब्द, त्याचा सूर, त्यापूर्वीचा विराम आणि त्यावर उमटलेले हास्य, पडदा पडताच नाहीशी झालेली असते. विनोदी नटाच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. गंभीर नटाचे भाषण निदान संहितेत उरते. विनोदी नटाचे पुष्कळसे कर्तृत्व संहितेच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेत घडलेले असते. दूरचित्रवाणीच्या आगमनानंतर ही अडचण दूर झाली असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. तो कितपत खरा आहे, हे दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीच्या आधारे तपासून पाहता येते.

या तपासणीस वाशीचे स्थळ सोयीचे आहे. नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको हे महामंडळ मार्च १९७० मध्ये स्थापन झाले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आणि ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. वाशी हे नगर व मुंबईची दूरचित्रवाणी ही अशी जवळजवळ एका वयाची भावंडे होत. दादर, गिरगाव, लालबाग येथील चाळींतून निघून या नव्या वसाहतीत आलेल्या कुटुंबांना शेजार नवा होता, वाणी नवा होता, पत्त्यातला 'सेक्टर' हा शब्दही नवा होता. बाजार समितीच्या आवारात काम करणारा माथाडी कामगार साताऱ्याकडील बोली घेऊन आला, कारकून वर्ग गिरगावची, तर खाडीकाठच्या मूळ आगरी-कोळी गावांची बोली आधीपासून तेथे होतीच. अशा ठिकाणी सर्वांना एकाच वेळी हसू येईल अशी मराठी कोणती, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रज्ञाच्या कुतूहलाचा राहत नाही. नटाच्या पोटापाण्याचा होतो. या नगरातील नाट्यगृहास विष्णुदास भावे यांचे नाव दिलेले आहे. १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' करणाऱ्या भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपापली भाषणे प्रसंगी सुचतील तशी करीत. मराठी रंगभूमीच्या आरंभी नटाच्या तोंडची बोली ही अशी लेखणीच्या ताब्याबाहेर होती, हे येथे ध्यानी ठेवावे. पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे.

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईस झाला. त्यांचे शिक्षण विज्ञानाचे. औषधनिर्मितीच्या क्षेत्रात त्यांनी काही काळ नोकरीही केली. या पूर्ववृत्तावरून त्यांच्या अभिनयातील 'शास्त्रशुद्धते'विषयी जे तर्क केले जातात ते फारसे उपयोगाचे नाहीत. अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांच्या अभिनयाची जडणघडण मोठ्या माणसांच्या नाटकांइतकीच मुलांच्या नाटकांत झाली. रत्नाकर मतकरी यांनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही संस्था सुरू केली. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकातील चेटकीण प्रभावळकरांनी रंगविली. पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे ही मराठी रंगभूमीस नवी गोष्ट नव्हे. तथापि बालगंधर्वांच्या परंपरेत पुरुष हा पुरुष असल्याचे प्रेक्षकाने विसरावे अशी अपेक्षा असे, तर चेटकिणीच्या बाबतीत ती विसरण्याचीही गरज नाही. मुलास घाबरावयाचे असते आणि हसावयाचेही असते, आणि दोन्ही एकाच श्वासात. बालप्रेक्षक हा फार कठोर परीक्षक होय. त्यास नटाचे नाव ठाऊक नसते, पूर्वीच्या भूमिकांचे कौतुक नसते, आणि कंटाळा आला की तो उघडपणे खुर्चीवर उभा राहतो. अशा प्रेक्षकापुढे आवाज, चाल व मुद्रा यांचे संपूर्ण परिवर्तन करण्याची जी सवय नटास लागते, तीच पुढे त्याच्या बहुरूपीपणाची पुंजी ठरते. याच मतकरींच्या 'आरण्यक' या महाभारतावरील नाटकात प्रभावळकर विदुर होते, ही गोष्ट मात्र त्यांच्या विनोदाची चर्चा करणारे बहुधा विसरतात. एकाच लेखकाच्या हाताखाली चेटकीण व विदुर! २०१८ मध्ये हे नाटक पुनश्च रंगभूमीवर आले तेव्हाही विदुराची भूमिका त्यांच्याकडेच होती.

दूरदर्शनवरील 'चिमणराव-गुंड्याभाऊ' या मालिकेने प्रभावळकरांचे नाव घरोघर गेले. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धातील ही मालिका विजया जोगळेकर-धुमाळे यांनी सादर केली. गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. मूळ पात्रे चिंतामण विनायक जोशी यांची. चि. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते, या गोष्टीचे भाषाभ्यासकांच्या वर्तुळात स्मरण ठेवणे अनुचित होणार नाही. प्राचीन भाषेच्या व्याकरणात आयुष्य घालविलेल्या विद्वानाने समकालीन पुणेरी मध्यमवर्गाच्या बोलण्याकडे इतक्या बारकाईने कान लावावा, यात विसंगती नाही. मृत भाषेतील प्रत्यय मोजणाऱ्यालाच जिवंत भाषेतील लकब अधिक चटकन जाणवत असावी.

चि. विं.च्या विनोदाचे मर्म निवेदनात आहे. चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो. आणि ती फजिती आहे हे त्यास पुरते उमगलेले नसते. तो जे गंभीरपणे नोंदवितो त्याला वाचक हसतो. चिमणरावाची वाक्ये सरळ, कारकुनी, किंचित पोक्त असतात. क्रियापद आपल्या जागी, विशेषण आपल्या जागी. घटना मात्र सर्वस्वी कोसळत असतात. भाषेची शिस्त आणि प्रसंगाची बेशिस्त यांच्या घर्षणातून हास्य निर्माण होते. आता हे पात्र दृश्य माध्यमात आणावयाचे तर पहिला बळी या निवेदनाचाच जातो. कॅमेऱ्यापुढे चिमणराव सांगत नाही, वागतो. ज्याचे भोळेपण वाक्यरचनेत होते त्याचे भोळेपण आता चेहऱ्यात आणि कंठात आणावे लागते.

ही अडचण प्रभावळकरांच्या पूर्वीही एकदा उद्भवली होती. मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांत चिमणराव पडद्यावर आणला, तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ होते. दामुअण्णांचा तिरळा डोळा हाच त्यांच्या विनोदाचा अर्धा भांडवलाचा भाग होता. ते पडद्यावर आले की प्रेक्षक हसण्याच्या तयारीला लागे. त्यांनी चिमणरावाचा प्रश्न देहाने सोडविला असे म्हणता येईल. प्रभावळकरांना निसर्गाने असे कोणतेही व्यंग भांडवलादाखल दिलेले नव्हते. त्यांनी तो आवाजाने सोडविला. धोतर, कोट आणि टोपी हा वेश कोणासही चढविता आला असता. परंतु किंचित चिरका, वाक्याच्या मध्येच आधार शोधणारा, शेवटच्या अक्षरावर उगाच वर चढणारा असा जो स्वर त्यांनी चिमणरावास दिला, तो चि. विं.च्या पानावर नव्हता आणि तरी चि. विं.च्या वाक्यातूनच निघाला होता. शिस्तीत सुरू झालेले वाक्य पूर्ण करण्याइतका धीर बोलणाऱ्याच्या ठायी नाही, हे त्या स्वरावरून कळे. म्हणजे निवेदनातील घर्षण उच्चारात आले. बाळ कर्व्यांचा भरदार, आज्ञार्थी गुंड्याभाऊ शेजारी उभा राहिला की हा स्वरभेद आणखी उठून दिसे. दोघांचे संवाद म्हणजे दोन सप्तकांतील वाद्यांची जुगलबंदी होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्या काळच्या प्रेक्षकाची स्थिती आज समजावून सांगावी लागते. चित्र कृष्णधवल, रंगीत प्रक्षेपण भारतात १९८२ मध्ये आले. वाहिनी एकच. संच इमारतीत एखाददुसरा. त्यामुळे शेजारीपाजारी एकाच खोलीत दाटीवाटीने बसत. सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे १९७३ पासून पुणेही मुंबई केंद्राच्या कक्षेत आले होते, तेव्हा ज्या शहराच्या बोलीची ही गंमत होती त्या शहरासही ती पाहता आली. एकत्र पाहण्याची ही रीत नाट्यगृहाच्या फार जवळची होती. घरातल्या घरात हास्याचा सामूहिक प्रतिसाद मिळत असे आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत चिमणरावाच्या आवाजाची नक्कल करणारा एक तरी इसम निघे. नक्कल होऊ लागणे ही लोकप्रियतेची खूण खरी, परंतु नटाच्या दृष्टीने ती धोक्याचीही सूचना होय. ज्या आवाजाची नक्कल सर्वांस साधते तो आवाज मग नटास सोडीत नाही. १९७९ मध्ये त्याच पात्रांवर चित्रपट निघाला तेव्हा चिमणराव हे प्रभावळकरांचे दुसरे नाव होऊ घातले होते.

मराठी विनोदी नटाच्या इतिहासात येथवरचा प्रवास नवा नाही. एक भूमिका गाजते, मग तिच्यासारख्या दहा भूमिका चालून येतात, आणि नट स्वतःच्याच पहिल्या यशाची झेरॉक्स प्रत होऊन बसतो. प्रभावळकरांच्या कारकिर्दीचे वेगळेपण त्यांनी हा फास ओळखून सोडविला यात आहे. दूरदर्शनच्याच 'साळसूद' या मालिकेत त्यांनी खलपुरुष रंगविला. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त ते मतिमंद मुलाचे वडील झाले. आणि संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) या चित्रपटात स्वतःच मतिमंद नंदू. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना उभे राहण्याचा असा योग फार थोड्या नटांच्या वाट्यास येतो. नंदूच्या बोलण्यात तुटक वाक्ये आणि लांबलेले स्वर आहेत. तेच घटक चिमणरावाच्या बोलण्यातही होते. एके ठिकाणी त्यांनी हसू येते, दुसरीकडे घसा दाटतो. विनोदी आणि करुण अभिनयाची सामग्री भिन्न नसून मात्रा भिन्न असते, हा जुना सिद्धान्त येथे उदाहरणासह सिद्ध होतो.

महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मध्ये तात्या विंचू या गुंडाचा प्राण बाहुल्यात शिरतो. ती बाहुली शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची करामत, आवाज प्रभावळकरांचा. देह एकाचा, आवाज दुसऱ्याचा ही शब्दभ्रमाची जुनी युक्ती होय. येथे तिने हेही दाखवून दिले की देह सर्वस्वी काढून घेतला तरी या नटाचा अभिनय शिल्लक राहतो. मुलांना तात्या विंचूची भीती वाटे आणि त्याची नक्कलही करावीशी वाटे. चेटकीण पुन्हा परतली होती, असेच म्हणावयाचे.

या साऱ्या शक्तींचा संगम 'हसवाफसवी'त झाला. नाटक प्रभावळकरांनीच लिहिले आणि त्यातील सहा भूमिका त्यांनीच केल्या. मराठीत एकपात्री प्रयोगाची परंपरा बळकट आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' १९६१ पासून रंगमंचावर एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये मराठवाड्याच्या बोलीतील सबंध गाव बोलते केले. 'हसवाफसवी' या परंपरेत मोडते असे सरसकट म्हटले जाते, पण ते तितकेसे बरोबर नाही. पु. ल. आणि लक्ष्मण देशपांडे यांच्या प्रयोगात नट प्रेक्षकांसमोर आपल्याच रूपात उभा असतो. पात्र आवाजाने सूचित होते, उरलेले प्रेक्षकाची कल्पना भरून काढते. निवेदक हाच तेथे नायक. 'हसवाफसवी'त निवेदक म्हणून प्रभावळकर नाहीतच. प्रत्येक पात्र संपूर्ण वेशांतरासह येते, भोवती इतर नटही असतात, आणि मघाचा माणूस तो हाच, हे ओळखता न येण्यात प्रयोगाची गंमत असते. नावातला 'फसवी' हा शब्द त्यामुळे केवळ यमकासाठी आलेला नाही. ही परंपरा पु. लं.च्या एकपात्रीपेक्षा गावोगाव सोंगे घेऊन येणाऱ्या बहुरूप्याशी अधिक निगडित आहे. दारावर पोलिसाच्या वेशात येऊन घरमालकाचा क्षणभर थरकाप उडविणारा आणि मग हसून शिधा मागणारा तो बहुरूपी शहरातील घरांच्या जिन्यांवर आता क्वचितच दिसतो.

या सहा जणांतील दोघांविषयी थोडे सांगितले पाहिजे. दीप्ती प्रभावळकर-पटेल-लुमुंबा या बाईंचे सबंध चरित्र त्यांच्या आडनावांतच सामावले आहे: एक मराठी, एक गुजराती, एक आफ्रिकी. जोडनावांच्या रूढीवर इतके थोडक्यात भाष्य करणे निबंधकारास साधणार नाही. दुसरे कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीवरील वृद्ध गायकनट. येथे हास्य हळूहळू मागे सरते. थकलेल्या देहात जुन्या रंगभूमीची अदब, लाघवी अनुस्वार, गद्य भाषणातही डोकावणारी गाण्याची लय हे सारे शिल्लक आहे. श्वास मात्र पुरत नाही. संगीत नाटकाच्या काळातील रंगभाषेचे ध्वनिरूप ज्यांना अभ्यासावयाचे आहे त्यांनी हेरंबकरांकडे उपहास म्हणून पाहू नये. ते एका उच्चारपद्धतीचे जतन आहे. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी हे नाटक पुन्हा केले, यावरून संहितेची स्वतंत्र ताकद दिसून येते. तरीही भूमिका आणि मूळ नट यांच्यामधील शिवण उसवून पाहण्याची संधी अभ्यासकांनी अद्याप पुरती घेतलेली नाही. दोन्ही प्रयोगांची उच्चारदृष्ट्या तुलना हा एखाद्या प्रबंधिकेचा विषय होऊ शकेल.

प्रभावळकर लेखक आहेत ही गोष्ट 'बोक्या सातबंडे'च्या बालवाचकांना ठाऊक असतेच. प्रौढ वाचकांना ती 'अनुदिनी'मुळे ठाऊक झाली. टिपरे कुटुंबातील माणसांच्या दैनंदिन्या असे या लेखनाचे स्वरूप. 'अनुदिनी' हा शब्द संतकाव्यात 'दररोज' या अर्थी क्रियाविशेषण म्हणून येतो. प्रभावळकरांनी तो नाम म्हणून वापरला, आणि पुढे संगणकाच्या महाजालावरील वैयक्तिक लेखनासही मराठीत हेच नाव रूढ झाले. शब्दांचे असे पुनर्जन्म कोशकारांनी टिपून ठेवण्याजोगे असतात.

या लेखनावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठी वाहिनीवर चालली. (या वाहिनीचे नाव २००५ मध्ये झी मराठी झाले.) आबा टिपरे स्वतः प्रभावळकर, मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामला शुभांगी गोखले. येथे चिमणरावाच्या वेळचीच अडचण पुन्हा उभी राहते. मूळ लेखन प्रथमपुरुषी. एकच घटना घरातील प्रत्येकास कशी निराळी दिसते यात गंमत. पडद्यावर दृष्टिकोन एकच उरतो, तो कॅमेऱ्याचा. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या नटाने हा प्रश्न आवाजाच्या चढाने सोडविला होता त्याने या वेळी तो मौनाने सोडविला. आबा फारसे बोलत नाहीत. सून व मुलगा यांचे बोलणे ऐकत बसतात, वर्तमानपत्राची घडी करतात, आणि मग एखादेच वाक्य बोलतात, तेही शेवटचा शब्द गिळून. प्रेक्षकास दैनंदिनीचे जे पान वाचावयाचे ते आबांच्या ऐकण्यात लिहिलेले असते. बोलीच्या दृष्टीने पाहता एकाच घरात तीन पिढ्यांच्या तीन मराठी नांदतात. नातवंडांच्या इंग्रजीमिश्रित वाक्यांना आबा सुधारीत नाहीत, फक्त क्षणभर थांबतात. तो विराम हीच त्यांची टीका.

चिमणराव पाहणारा प्रेक्षक दाटीने बसला होता. आबांना पाहणारा आपापल्या सदनिकेत, दार लावून बसला होता. वाशीतील इमारतींमध्ये तोवर घरोघर संच आलेला होता. दोन खोल्यांच्या घरात आजोबांची खाट कोठे टाकावी हा प्रश्न या वसाहतींत काल्पनिक नव्हता, आणि त्या प्रश्नावर चार वर्षे दर आठवड्यास न रडता बोलले गेले, ही त्या मालिकेची सामाजिक कामगिरी म्हणावी लागेल. दैनंदिन मालिकांच्या अश्रूंचा पूर याच सुमारास चढू लागला होता.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत, त्यामुळे त्यांचा विस्तार नको. राजकुमार हिरानी यांच्या 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मध्ये प्रभावळकर महात्मा गांधी झाले. या भूमिकेसाठी व 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या हिंदी चित्रपटाने 'गांधीगिरी' हा शब्द रूढ केला. 'दादागिरी', 'गुलामगिरी' यांतील फारसी प्रत्ययास त्यामुळे प्रथमच सज्जन सोबत मिळाली, एवढेच येथे नोंदवून पुढे जाणे इष्ट.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. यंत्राने नटाची कला टिकविली काय? त्या काळी चित्रफीत महाग असे आणि एका कार्यक्रमाच्या फितीवर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची पद्धत होती. दूरदर्शनच्या पहिल्या दशकातील पुष्कळ कार्यक्रमांप्रमाणे 'चिमणराव-गुंड्याभाऊ'चेही बरेचसे भाग आज पाहावयास मिळत नाहीत. ज्या आवाजाची लाखो लोकांनी नक्कल केली त्याचा मूळ पुरावा त्रोटक आहे. १९४० सालचा दामुअण्णांचा चिमणराव मात्र चित्रपटाच्या रिळावर असल्यामुळे त्यास दीर्घ आयुष्य लाभले. चि. विं.ची पुस्तके तर कोठेही मिळतात. म्हणजे जे माध्यम सर्वांत नवे त्याचीच स्मृती सर्वांत तोकडी ठरली. ज्यांनी ती मालिका प्रत्यक्ष पाहिली त्या पिढीच्या आठवणींचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण करणे हा यावर एक उपाय आहे. लोकांच्या तोंडी उरलेल्या नकलांची नोंद हीदेखील त्याच कामाचा भाग मानावी, कारण नक्कल हीही एक प्रकारची पाठपरंपरा होय. वाशीसारख्या ठिकाणी, जेथे पहिले रहिवासी आता वृद्ध झाले आहेत, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाती घेता येण्याजोगे आहे. आणि ते फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात प्रभावळकरांनी कोकणातील एका वृद्ध दशावतारी नटाची, बाबुली मेस्त्रीची, भूमिका केली. तेव्हा त्यांच्या वयास एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. दशावतारी खेळात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, भाषणे मात्र नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो, जशी भाव्यांची पात्रे सांगलीस रचीत असत.